'मॅकबेथ' १७७३ च्या शनिवारवाड्यात नेतेय, पटकथा अडलीय

सातारकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची. हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं काढली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका वर्षी आम्ही शिरवाडकरांचं 'राजमुकुट' बसवलं होतं, म्हणजे शेक्सपिअरचं 'मॅकबेथ'च. नवऱ्याला राजाच्या खुनाला भरीस घालणाऱ्या लेडी मॅकबेथच्या जागची भूमिका माझ्याकडे होती. झोपेत चालत येऊन हात चोळायचा प्रवेश संपवून विंगेत आले तरी माझे हात थांबायचे नाहीत. रंगभूषेच्या मावशी ते आपल्या हातात घट्ट धरून बसायच्या. तेव्हापासून हे नाटक माझ्या अंगातून गेलेलं नाही.

आता आम्ही आठ जण मिळून पन्नास मिनिटांचा चित्रपट करतोय. पैसे घरचेच. 'मॅकबेथ'ची गोष्ट स्कॉटलंडमधून उचलून नारायणराव पेशव्यांच्या खुनावर बसवायची, असं ठरलं. ज्याला सांगावं तो लगेच म्हणतो, "अरे हो, आनंदीबाई!" मलाही तसंच वाटलं होतं. मॅकबेथ म्हणजे रघुनाथराव, बाई म्हणजे आनंदीबाई, मारला जाणारा राजा डंकन म्हणजे नारायणराव, शेवटी मॅकबेथला मारणारा मॅकडफ म्हणजे आमच्या क्षेत्र माहुलीचे न्यायाधीश रामशास्त्री. भराभर सेहेचाळीस पानं लिहून झाली.

गेल्या रविवारी एका मैत्रिणीच्या माडीवर वाचन ठेवलं. वाचून संपलं, कुणी काही बोलेना. शेवटी आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, जो कॅमेरा करणार आहे, तो म्हणाला, "काकू, हा शाळेतला धडा झालाय. कोण वाईट ते पहिल्या पानावरच ठरलंय." रात्रभर झोप लागली नाही, कारण पोराचं बरोबर होतं. नाटक करताना मला आतून कुठेतरी वाटायचं, की हा माणूस सुटावा, याला झोप लागावी. माझ्या पटकथेतल्या रघुनाथरावाबद्दल तसं कुणालाच काही वाटत नाही. 'काका, मला वाचवा' ऐकलं की मराठी माणसाचा निकाल देऊन झालेला असतो.

दुसरी अडचण दिवसाची. 'मॅकबेथ'मध्ये निम्मं काम रात्र करते. घुबड, अंधार, मग दारावरची ती थाप. नारायणरावांचा खून भर दुपारी झाला. वाईकडच्या एका जुन्या वाड्यात आम्ही चाचणी म्हणून तो प्रसंग चित्रित करून पाहिला. चौकात लख्ख ऊन, वरच्या सज्ज्यावर वाळत घातलेली धोतरं, गारदी, म्हणजे पेशव्यांचे पगारी शिपाई, तलवारी घेऊन धावतायत. पडद्यावर पाहिलं तर कवायत वाटली. खून सरळ रात्री नेऊ का?

आणि चेटकिणी. मी तीन जखिणी लिहिल्यात. खरं सांगायचं तर त्या मला स्वतःलाच पटत नाहीत.

ज्यांनी असं काळ बदललेलं काही नीट पाहिलंय, केलंय, त्यांनी कृपया बोला. पटकथा टाकून द्यायची वेळ आली असेल तर तेही सांगा.

तिसरी घंटा

ताई, टाकून देऊ नका. पण त्या 'मॅकबेथ म्हणजे अमुक, डंकन म्हणजे तमुक' यादीचा कागद मात्र आजच फाडा.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'कुमोनोसु-जो' पाहिलाय का? इंग्रजीत 'थ्रोन ऑफ ब्लड', १९५७ चा. मी पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला पहिल्यांदा पाहिला, नंतर किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही. स्कॉटलंड उचलून जपानच्या यादवीच्या काळात नेलंय. शेक्सपिअरची एकही ओळ त्यात नाही, आणि तरी तो पुरता 'मॅकबेथ' आहे. असं का, यावर मी बराच विचार केलाय.

मूळ नाटकात मॅकबेथ स्वतःशीच हिशेब मांडतो. डंकन माझा आप्त, माझा राजा आणि आज माझ्या घरचा पाहुणा. याला मारणं म्हणजे तीन पापं. डंकन चांगला राजा आहे, म्हणूनच त्याच्या खुनानंतर सृष्टीचा तोल जातो. आता जपानचा तो काळ बघा. कालच्या सरदाराने आज धन्याला मारावं, उद्या याच्या सरदाराने याला मारावं, असं शंभर-सव्वाशे वर्षं चाललेलं. त्यांच्याकडे त्याला शब्दच आहे, 'गेकोकुजो', खालच्याने वरच्याला उलथणं. म्हणून चित्रपटातली बायको, असाजी, नवऱ्याला महत्त्वाकांक्षेचे धडे देत बसत नाही. ती शांतपणे एवढंच म्हणते, की आपले धनी तरी या गादीवर कसे आले? आधीच्या धन्याला मारूनच ना? नवऱ्याकडे उत्तर नसतं. आपल्याकडेही नसतं!

हा एक धागा बदलला आणि सगळं नाटक बदललं. पाप एका माणसाचं राहिलं नाही, ते रहाटगाडगं झालं. म्हणूनच शेवटी त्या नवऱ्याला, वाशिझूला, कुणी मॅकडफ येऊन मारत नाही. त्याचेच सैनिक त्याच्यावर बाण सोडतात. (त्या दृश्यात वाशिझू झालेल्या तोशिरो मिफुनेच्या आसपास तरबेज धनुर्धाऱ्यांनी खरे बाण मारले होते. त्याच्या चेहऱ्यावरची भीती बरीचशी खरीच आहे.)

तेव्हा माझा प्रश्न असा, की १७७३ च्या पुण्यात पेशव्याला मारणं म्हणजे नेमकं काय मोडणं? डंकनच्या खुनाने जे मोडतं ते नव्हे, पुण्यातलं काय मोडतं ते. ते सापडलं की पात्रं आपोआप जागेवर येतील.

खुनाबद्दल. त्या चित्रपटात खून दिसतच नाही. कॅमेरा खोलीत असाजीपाशी थांबतो. त्या खोलीत आधी एका फितुराने पोट फाडून घेतलंय आणि भिंतीवरचा त्याचा डाग निघत नाहीये. नवरा भाला घेऊन गेलेला, ती एकटी. त्याआधी गुंगीची दारू आणायला ती दारातून आतल्या काळोखात जाते, दिसेनाशी होते, आणि मग सुरई घेऊन त्याच काळोखातून हळूहळू उमटत येते. आवाज फक्त तिच्या रेशमी वस्त्राचा, सर्र सर्र. मला आजही त्या आवाजाने काटा येतो. तुमचे गारदी धावू द्यात, पण आपण त्यांच्यामागे धावायचं कशाला?

बोरू

मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, पण मोडी वाचतो आणि पेशवाईची कागदपत्रं चाळण्यात आयुष्य गेलंय. म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो.

खून रात्री नेऊ नका. तारीख ३० ऑगस्ट १७७३, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. वाड्यात गणपती आहे. तुम्हाला रात्र कशाला हवी? देव घरात बसलेला असताना दिवसाढवळ्या झालेला खून आहे हा.

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने एक तपशील दिलाय, तो तुमच्या सेहेचाळीस पानांत नसेल तर जरूर घ्या. कटाची कुणकुण नारायणरावांना त्या दिवशी लागली होती. त्यांनी आपले सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत आधी एकांकडे जेवायला गेले. तेवढ्यात गारदी वाड्यात शिरले. अठरा वर्षांचा पोर मेला, तेव्हा त्याला वाचवू शकणारा माणूस पानावर बसलेला होता. हे वाचलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आनंदीबाईंबद्दल हात राखून लिहा. 'ध' चा 'मा' ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती गोष्ट आहे. त्यांनी तो कागद स्वतः बदलला याचा पक्का पुरावा नाही. अडीचशे वर्षं ती बाई एका अक्षरावर फाशी चढतेय. तुम्ही स्वतः ती भूमिका केलीय, तुम्हीच तिला जरा माणसासारखं वागवा.

आणि ते अक्षर दाखवणारच असाल तर हात जोडून विनंती, बाळबोध 'ध' दाखवू नका. कागद मोडीत असणार. बोरूने, टाक उचलल्याशिवाय एकसलग पळवलेली ओळ, वर आधीच आखून घेतलेली शिरोरेघ. मालिकांमधून सुवाच्य देवनागरीत 'धरावे' लिहिलेलं दाखवतात, तेव्हा टीव्ही बंद करावासा वाटतो.

कोपरगावकर

आमच्या गावात राघोबादादांचा वाडा आहे. लहानपणापासून त्याच्याजवळून येणं-जाणं. तुमचा मॅकबेथ मरत नाही हो ताई, हे लक्षात घेतलंय ना? नाटकात शेवटी त्याचं मुंडकं आणतात. इथे राघोबादादा इंग्रजांकडे गेले, १७७५ ला सुरतेचा तह केला, त्यातून लढाया झाल्या, आणि ते गेले आमच्या कोपरगावात, डिसेंबर १७८३ मध्ये. खुनानंतर दहा वर्षं! ज्या माणसाचे घोडे अटकेपर्यंत गेले, तो गोदावरीकाठी बसून राहिला. मला वाटतं, मॅकबेथला मरण तरी लवकर आलं.

शिवाय मॅकबेथला मूलबाळ नाही. इथे १७७५ च्या जानेवारीत बाजीराव जन्माला आले, आणि शेवटचे पेशवे तेच. म्हणजे ज्या गादीसाठी हे झालं ती त्यांच्याच मुलाला मिळाली आणि त्याच्याच हातून गेली. हे 'मॅकबेथ'मध्ये कुठे बसवणार?

सातारकरीण

तिसरी घंटा, बोरू, कोपरगावकर, तिघांचेही मनापासून आभार. 'कुमोनोसु-जो' काल रात्री पाहिला. रेशमाचा आवाज ऐकला. आज दिवसभर घरात माझ्याच साडीचा आवाज कानात येतोय.

'पुण्यात नेमकं काय मोडतं' हा प्रश्न घेऊन बसले. राजा? पेशवा राजा नव्हेच. राजा इथे, माझ्या गावात, साताऱ्यात. छत्रपती रामराजा. कारभार सगळा पुण्यात, पण पेशवा व्हायचं तर नेमणुकीची वस्त्रं साताऱ्याहूनच यायला हवीत. खुनानंतर रघुनाथरावांनाही ती इथूनच आणवावी लागली. जिच्यासाठी मॅकबेथ आयुष्य उधळतो ती गोष्ट आमच्या पटकथेत मुकुट नाहीच, ते वस्त्रांचं गाठोडं आहे, आणि ते देणाऱ्याला ते नाकारण्याची सोय नाही. इतकी वर्षं किल्ल्याच्या पायथ्याशी राहून हे मला दिसलं नव्हतं. मी 'सोन्याचं सिंहासन' लिहून बसले होते!

कोपरगावकर, तुमचं वाचून आधी छातीत धस्स झालं. पण मग गंगाबाई आठवल्या. नारायणराव गेले तेव्हा त्या गरोदर होत्या. रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, बारभाईंनी, त्यांना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी तो पेशवा झाला. नाटकात मॅकबेथला सांगतात, की बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला धक्का लावणार नाही. आणि इथे रघुनाथरावांची पेशवाई कुणी घालवली? जो अजून जन्मलाच नव्हता त्याने! हे सुचलं तेव्हा मी गॅस बंद करून खाली फरशीवर बसले.

चेटकिणींचं मात्र अजून अडलेलंच आहे.

विंगेतला

चेटकिणींवर सांगतो. कुरोसावाने तीन ठेवल्याच नाहीत. रानातल्या खोपटात चरखा फिरवणारं एकच पांढरंफटक पिशाच्च आहे. 'मॅकबेथ'वरच्याच हिंदी 'मकबूल'मध्ये (२००३) तर मुंबईचे दोन पोलीस आहेत, ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह, एकमेकांत कुंडल्या मांडणारे. तिन्ही ठिकाणी काम एकच, की आधीपासून मनात असलेलं कुणीतरी मोठ्याने बोलायचं. तर पुण्याच्या पेठेत पहाटे येऊन असं बोलणारा कोण? मला तरी पिंगळा दिसतो. उजाडायच्या आत येणारा, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात डमरूसारखं कुडमुडं, घरातल्यांच्या नावाने पुढचं सांगणारा. तो वाईट नाही, कुणाचं वाकडं चिंतत नाही. जे दिसतं ते बोलतो, दान घेतो, पुढच्या दाराला जातो. वाड्याच्या भिंतीबाहेरून येणारा नुसता आवाज, आणि आत नजरकैदेत जागा असलेला रघुनाथराव. मला तर एवढ्यानेच दृश्य दिसलं.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यावरच सगळे घसरतात म्हणून सांगून ठेवतो. 'रिचर्ड द थर्ड' इयन मॅकेलनने १९९५ ला पडद्यावर आणलं, दिग्दर्शक रिचर्ड लॉन्क्रेन. गोष्ट १९३० च्या दशकातल्या एका कल्पित हुकूमशाही इंग्लंडमध्ये नेली. रणगाडे, लष्करी गणवेश, डुकराचं चिन्ह असलेले झेंडे. पण भाषा जुनीच, शेक्सपिअरची. पहिलं प्रसिद्ध भाषण मेजवानीत, मायक्रोफोनसमोर सुरू होतं, सगळे टाळ्या वाजवतात. आणि त्याचाच पुढचा भाग तो मुतारीत एकटा असताना बोलतो, आरशातून एकदम आपल्याकडे बघत. शब्द तेच, पण चव्हाट्यावरचं कुठलं आणि पोटातलं कुठलं ते जागेने सांगितलं. शेवटी त्याची जीप रुतते, चाक जागच्या जागी फिरत राहतं, आणि तेव्हा तो घोड्यासाठी ओरडतो. राज्य देतो, घोडा द्या.

तुम्हीही बखरीची भाषा दरबारात ठेवा आणि रघुनाथराव-आनंदीबाई दोघंच असतील तेव्हा घरातली ठेवा. 'जाहले', 'आज्ञा प्रमाण' हे माजघरात कुणी बोलत नसतं.

बोरू

पिंगळा उत्तम. माझ्याकडून एक अडसर. रामशास्त्री मॅकडफ नव्हेत. मॅकडफ तलवार घेऊन येतो. शास्त्रीबोवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री'मुळे तो प्रसंग घराघरांत माहीत आहे, म्हणून तो टाळ्यांसाठी लिहायचा मोह होईल. टाळा.

सातारकरीण

बोरू, टाळलाय. तो प्रसंग आता मेजवानीच्या जागी गेला. नाटकात मॅकबेथने मारवलेल्या मित्राचं, बँकोचं भूत येऊन खुर्चीवर बसतं आणि ते फक्त मॅकबेथला दिसतं. आमच्याकडे भूत नाही. भरल्या दरबारात सगळे जण ज्या जागेकडे बघायचं टाळतायत तिथे एक म्हातारा न्यायाधीश उभा आहे. तो दोन शब्द बोलतो, आवाज चढवत नाही, आणि जोडे घालून निघतो. आम्ही फक्त जोड्यांचा आवाज ठेवणार, पार दिंडी दरवाजापर्यंत.

आणि तिसरी घंटा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सापडलं. आईकडून सापडलं. ती ब्याऐंशीची आहे. तिला सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, तर ती माळ ओढता ओढता म्हणाली, "म्हणजे गणपतीत सुतक आलं की गं."

सुतक! मारलं त्याचं सुतक मारणाऱ्यालाच. सख्खा पुतण्या. मुकाट्याने अंघोळ करायची, देवाला शिवायचं नाही, दहा दिवस पाळायचे. ज्याने मारलं तो शास्त्राप्रमाणे शोकात बसलाय, आणि शास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे. शेक्सपिअरच्या नाटकात हे नाही, कुरोसावाच्या चित्रपटातही नाही. त्या रात्रीची आरती कोण करणार, यावर माजघरात बायकांची कुजबुज चालू आहे, आणि आनंदीबाई न्हाणीघरात घंगाळातून पाणी घेतायत. एकदा, दोनदा, पुन्हा. अंघोळ तर करायचीच असते, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटत नाही. दहा दिवसांनी सगळ्यांचं सुतक फिटतं. अकराव्या दिवशी पहाटे घंगाळाचा आवाज पुन्हा येतो. हात चोळण्याचा प्रवेश असा करणार आहे. ती दोषी आहे की नाही, याचा निवाडा त्या दृश्यात नाही. तिला पाणी पुरत नाही, एवढंच आहे.

खून दुपारीच. कॅमेरा हरिपंतांच्या पानावर. केळीचं पान, वरण-भातावर तूप ओतलं जातंय, यजमान आग्रह करतायत, 'एवढी एक पोळी'. मधेच लांबून कसलासा गलका, गणपतीचे दिवस म्हणून कुणी लक्ष देत नाही. हरिपंत एक क्षण मान वर करतात आणि मग पुन्हा घास घेतात. ते दृश्य आमच्या कॅमेऱ्याच्या पोराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काकू, हे मी उद्या लावू शकतो."

सेहेचाळीसपैकी नऊ पानं उरलीत. पावसाळा संपायच्या आत चित्रण करायचंय, भाद्रपदातलं आभाळ हवं म्हणून.

आता फक्त एक मदत. साताऱ्याच्या जवळपास कुणी मोडी नुसतं वाचणारं नव्हे, बोरूने सलग लिहिणारं असेल तर कळवा. हाताचं जवळून चित्रण करायचंय, त्यामुळे हात त्यांचाच लागेल. एक दिवसाचं काम आहे, जायचं-यायचं आणि जेवण आमच्याकडे.